वाचक विचारतात : लॅब्राडोरचे इन्युट आणि मोरेव्हियन मिशन

मागच्या अंकात आम्ही कॅनडाच्या ईशान्येकडच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरचा एक जुना फोटो छापला होता. बर्फातलं लांबलचक लाकडी मिशनघर आणि त्यापुढे पितळी वाद्यं घेऊन उभे असलेले इन्युट वादक. त्यावर बरीच पत्रं आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : इतक्या आडबाजूच्या किनाऱ्यावर हे जर्मन मिशनरी पोचले कसे? आणि तिथल्या लोकांनी त्यांना राहू कसं दिलं? (रत्नागिरी)

पहिल्या वेळी राहू दिलं नाही. 1752 मध्ये योहान क्रिस्टियान एरहार्ट ‘होप’ नावाचं जहाज घेऊन तिथे गेला. किनाऱ्यावर घर बांधलं, त्याला ‘होफेनथाल’ म्हणजे आशेची दरी असं नाव दिलं. मग एरहार्ट सहा जणांना घेऊन व्यापारासाठी उत्तरेकडे गेला आणि सातही जण मारले गेले. घरात राहायला आलेल्या चार मिशनऱ्यांनाही परतावं लागलं, कारण जहाज परत न्यायला खलाशीच पुरेसे उरले नव्हते.

ही माणसं मोरेव्हियन पंथाची. पंथाची मुळं बोहेमियातली, पण 18व्या शतकात त्यांचं मुख्य ठाणं जर्मनीतल्या सॅक्सनीतलं हेर्नहुट हे गाव होतं. बहुतेक जण सुतार, विणकर, लोहार असे कारागीर. ग्रीनलंडमध्ये 1733 पासून त्यांचं मिशन चालू होतं आणि दुसऱ्या प्रयत्नाला तेच कामी आलं. येन्स हावेन हा डॅनिश सुतार ग्रीनलंडमध्ये राहून तिथली भाषा शिकला. 1764 मध्ये न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाशी त्याला लॅब्राडोरचे इन्युट भेटले. तो त्यांच्याशी ग्रीनलंडच्या बोलीत बोलला आणि ते त्यांना कळलं. मधे अख्खा समुद्र असला तरी दोन्ही बोली एकाच घरातल्या. आपल्याकडे मालवणी माणसाला गोव्याची कोकणी कळते, काहीसं तसंच.

तिसरी बाजू इंग्रजांची. न्यूफाउंडलंडचा गव्हर्नर ह्यू पॅलिसर याला दक्षिण लॅब्राडोरमधल्या मासेमारीत शांतता हवी होती. युरोपीय मच्छीमार आणि इन्युट यांच्यात तिथे सतत चोऱ्यामाऱ्या आणि खून होत. मिशनने इन्युटांना उत्तरेकडेच थोपवून धरलं तर त्याला हवंच होतं. 1769 मध्ये इंग्लंडच्या राजाने मिशनला 1,00,000 एकर जमीन वापरायला दिली. जमीन कोणाची होती हे अर्थातच इन्युटांना कोणी विचारलं नाही.

आणि मिकाक. या इन्युट बाईला 1767 च्या एका चकमकीत इंग्रजांनी धरलं आणि पुढच्या वर्षी मुलासकट लंडनला नेलं. तिथे ती राजघराण्यात मिरवली गेली, चित्रकार जॉन रसेलने तिचं चित्र काढलं, हावेनशी तिची गाठ पडली. 1769 मध्ये ती परत गेली आणि 1770 मध्ये मिशनऱ्यांचं जहाज पाहणीला आलं तेव्हा तिने आपल्या माणसांत त्यांची ओळख करून दिली. मिशनच्या इतिहासात हावेनला मोठी जागा मिळते. आमच्या मते मिकाक नसती तर 1752 चीच गत पुन्हा झाली असती.

1771 च्या ऑगस्टमध्ये 14 जण नाइन इथे उतरले. घराचा लाकडी सांगाडा इंग्लंडहून तयार करून जहाजात घालून आणला होता. वासे, तुळया जागेवर जोडायच्या एवढंच. यात शहाणपण होतं, कारण ऑगस्ट ते पहिला बर्फ यांत जेमतेम काही आठवडे मिळतात. त्यात झाड तोडून, वाळवून, रंधून घर उभं राहत नाही. पुढे ओकाक (1776), होपडेल (1782), हेब्रॉन (1830 च्या सुमारास) अशी ठाणी झाली. पहिला बाप्तिस्मा व्हायला मात्र 1776 उजाडलं.

प्रश्न : हे लोक तिथे खात काय होते? थंडीत तगले कसे? (सोलापूर)

नाइन आणि स्कॉटलंड जवळजवळ एकाच अक्षांशावर, साडेछप्पन अंशांच्या आसपास. पण लॅब्राडोरला उत्तरेचा थंड सागरी प्रवाह घासून जातो. त्यामुळे डिसेंबर ते जून समुद्र गोठलेला. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी, लंडनहून जहाज यायचं. या जहाजाचं नाव बहुतेक काळ ‘हार्मनी’च होतं, एक जुनं झालं की पुढच्यालाही तेच नाव. पीठ, खारवलेलं मांस, औषधं, पत्रं, नवी नवरी, सगळं त्यातून. मिशनऱ्याने ऑगस्टमध्ये मागवलेली कढई पुढच्या ऑगस्टमध्ये मिळायची.

बिस्किटं आणि खारं मांस यावर राहिलं की वसंतापर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागतं, हा स्कर्व्ही. त्यावर उपाय म्हणून ठाण्याशेजारी बाग केली जाई. मातीचा थर पातळ असल्याने ती टोपल्यांनी आणून वाफे उंच करायचे. सलगम आणि कोबी निभतात. बटाटा मात्र नाजूक, भर उन्हाळ्यातही एखाद्या रात्री पाला करपतो. म्हणून संध्याकाळी वाफ्यांवर गोणपाट किंवा चटया अंथरायच्या आणि सकाळी काढायच्या. एक रात्र विसरलात तर त्या वर्षीचा बटाटा गेला. शेजारच्या इन्युटांना हा आजार होत नव्हता. ते सीलचं मांस आणि मासे बरेचदा कच्चे खात आणि शिजवताना नष्ट होणारं क जीवनसत्त्व त्यांना त्यातून मिळे.

घराचंही तेच. मिशनचं लाकडी घर दिसायला भारी, पण शेगडीला सरपण अतोनात लागे. हेब्रॉनला तर झाडच नाही. कुत्र्यांच्या घसरगाडीवरून दक्षिणेकडच्या नापाक्टोक खाडीतून लाकूड ओढून आणावं लागे. इन्युटांचं हिवाळी घर जमिनीत अर्धं खोदलेलं, भिंती दगडांच्या आणि मुळांसकट कापलेल्या गवती ढेकळांच्या. आत जायला बोगदा, आणि तो घराच्या जमिनीपेक्षा खाली. थंड हवा जड असल्याने बोगद्यातच साचते आणि झोपायच्या उंच ओट्यावर ऊब टिकते. खिडकीला सीलच्या आतड्यांचं शिवलेलं पापुद्र्यासारखं कातडं. सरपण शून्य, ऊब आणि उजेड दोन्ही एका दगडी दिव्यातून.

हा दिवा अर्धचंद्रासारखा, मऊ साबणी दगडातून कोरलेला. सीलची चरबी आधी कुटायची म्हणजे तेल सुटतं. वाळलेलं शेवाळ तळहातांत चोळून भुगा करायचा आणि दिव्याच्या सरळ काठावर त्याची बारीक ओळ लावायची. दिवा त्या बाजूला किंचित कलता हवा, तेल वातीपर्यंत सरकत राहतं. एका टोकाला पेटवून काडीने ज्योत काठभर पसरवत न्यायची. ओळ जाड झाली की ज्योत उंच जाते आणि घरभर काजळी. तेल मागे हटलं की शेवाळच जळून जातं. दिवा बाईचा. एका घरात तीन कुटुंबं असली तर तीन दिवे, आणि कोणाचा दिवा कसा जळतो त्यावरून तिची पारख. मिशनला मात्र एका घरात एकच कुटुंब हवं होतं. तशी वेगळी लाकडी घरं झाली आणि दिव्याच्या जागी सरपण खाणारी शेगडी आली.

प्रश्न : ‘एस्किमो’ म्हणावं की ‘इन्युट’? (नाशिक)

इन्युट. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणसं’, एक माणूस असेल तर ‘इनुक’. ‘एस्किमो’ हे इतरांनी दिलेलं नाव आणि आज तिथे ते अपमानास्पद मानलं जातं. जुन्या कागदपत्रांत मात्र तेच सापडेल.

प्रश्न : लॅब्राडोरचे इन्युट जर्मनमध्ये आकडे मोजतात असं वाचलं. खरं का? आणि त्यांची लिपी कुठली? (पुणे)

खरं आहे. आइन्सी, सुवाई, ताराई : जर्मन आइन्स, त्स्वाय, द्राय इन्युट तोंडात असे झाले. इन्युटांचे स्वतःचे आकडे आहेतच. ते हातापायांच्या बोटांवर उभे आहेत, पाचचा शब्द हाताच्या शब्दाशी जोडलेला, वीस म्हणजे सगळी बोटं. शिकारीला ते पुरतात. पण घड्याळाची वेळ, तारीख आणि भजनाचा क्रमांक या गोष्टी मिशनबरोबर आल्या, त्यामुळे त्यांचे आकडेही मिशनचेच. बटाट्याला तिथे ‘कात्तुपालाक’च्या जवळचा शब्द आहे, मूळ जर्मन ‘कार्टोफेल’. हसू नये, आपला बटाटा पोर्तुगीज आहे.

लिपी रोमन. कॅनडाच्या इतर बऱ्याच इन्युट भागांत त्रिकोण आणि आकड्यांसारखी दिसणारी अक्षरलिपी चालते. ती 1840 च्या सुमारास जेम्स एव्हान्स या मिशनऱ्याने क्री भाषेसाठी रचली आणि नंतर अँग्लिकनांनी इन्युटांकडे नेली. लॅब्राडोरला तोवर रोमन लिपीत वाचायची सवय मुरलेली होती. योहानाचं शुभवर्तमान 1810 मध्येच छापलं गेलं होतं, पुढे नवा करार आणि 1871 पर्यंत पूर्ण बायबल.

या लेखनाची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी. उर्दूत ‘क़लम’ म्हणताना घशाच्या मागून जो क येतो, तसा आवाज इन्युट भाषेत पदोपदी आहे. लॅब्राडोरमध्ये तो दाखवायला शब्दाच्या मधेच मोठ्या लिपीतलं ‘के’ अक्षर लिहितात. नवख्याला वाटतं टंकलेखनाची चूक. तो के आणि साधा के यांत गल्लत केली की अर्थ बदलतो.

प्रश्न : अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनं आणि अभंग होते. तिकडे असं काही झालं का? (अहिल्यानगर)

उलट झालं. ना. वा. टिळकांनी कीर्तनाचा आणि अभंगाचा साचा तसाच ठेवून त्यात ख्रिस्त आणला. मोरेव्हियनांनी इन्युटांचा ढोलनाच आणि ढोलगाणी ‘अंगाकोक’च्या, म्हणजे तिथल्या मांत्रिक-वैद्याच्या विधींशी जोडून बंद पाडली आणि त्या जागी जर्मन चर्चसंगीत आणलं. आज नाइनमध्ये ढोल पुन्हा वाजतो, पण मधली साखळी तुटल्याने बरंचसं बाहेरच्या इन्युटांकडून शिकावं लागलं.

तरी जे आणलं ते लोकांनी पुरतं आपलं केलं हेही तितकंच खरं. इन्युट ऑर्गनवादक, व्हायोलिनवादक, चार आवाजांत गाणारा समूह हे 19व्या शतकात प्रत्येक ठाण्यावर होतं. वह्या हाताने उतरवून घेतल्या जात आणि उतरवताना स्वर, शब्द आपल्या सोयीने बदलले जात. फोटोतला पितळी वाद्यवृंद नाताळ, ईस्टरची पहाट, वाढदिवस अशा वेळी उघड्यावर वाजवतो. एका वाचकाने विचारलंय की उणे 20 ला तुतारी वाजते कशी. कष्टाने. फुंकरीतली वाफ आत गोठते आणि झडपा अडकतात. थंड पितळेत स्वर उतरतो, आणि सगळ्यांचा सारखा उतरत नाही. मुखनळी ओठाला चिकटून कातडी निघते. म्हणून मुखनळी शेवटपर्यंत हातमोज्यात धरायची, वाद्य घरात ऊब देऊन मगच बाहेर काढायचं आणि दोन-तीन गीतांत आटपायचं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक मुलाला पेटती मेणबत्ती मिळते. पूर्वी ती बागेतल्या सलगमात खोचलेली असे, आता सफरचंदात. मेणबत्ती संपली की मूल ते सलगम खाऊन टाकायचं. 6 जानेवारीला मुखवटे आणि कातडी घालून ‘नालुयुक’ गोठलेल्या समुद्रावरून गावात येतात, हातात काठ्या. मुलं त्यांना गीत म्हणून दाखवतात, वर्षभर शहाण्यासारखं वागलो असं सांगतात, मगच भेट. हेर्नहुटचं किती आणि इन्युटांचं किती, ते वेगळं काढता येत नाही.

प्रश्न : मिशनने दुकान का चालवलं? धर्माचं काम आणि उधारीची वही एकाच हातात, हे पटत नाही. (सांगली)

त्यांनाही सहज पटलेलं नव्हतं. पण बंदुका, दारूगोळा, दोर यांसाठी इन्युट दक्षिणेकडच्या व्यापाऱ्यांकडे जात आणि तिथली दारू आणि आजार घेऊन परतत. ते थांबवायचं तर तोच माल ठाण्यावर हवा. सुरुवातीला मिशनने बंदुका विकायला नकार दिला. लोक दक्षिणेला जातच राहिले, तेव्हा त्याही ठेवाव्या लागल्या. शिवाय नफ्यातून जहाजाचा खर्च निघत असे.

हिशेब असा चाले. शरदात अरुंद खाड्यांत जाळी लावून सील धरायचे, हिवाळ्यात कोल्ह्यांचे सापळे, उन्हाळ्यात कॉड आणि ‘चार’ नावाचा मासा. तेल, कातडी, खारवलेले मासे दुकानात जमा, बदल्यात पीठ, चहा, कापड, गोळ्या. शरदात सील आले नाहीत की हिवाळा उधारीवर, ती कॉडवर फेडायची. कॉडही कमी पडला की उधारी पुढे. बापाची उधारी मुलाच्या खात्यावर चढे. उधार नाकारलं तर माणूस उपाशी मरतो, दिलं तर कधीच सुटत नाही, आणि हे ठरवणारा माणूस रविवारी प्रवचन देणाऱ्याच्या घरचा. आमच्या मते मिशनची खरी पकड प्रवचनात नव्हती, या वहीत आणि त्या एका जहाजात होती. 1926 मध्ये हा व्यापार हडसन्स बे कंपनी या कॅनडातल्या मोठ्या व्यापारी कंपनीकडे गेला. ‘हार्मनी’ही त्याच वर्षी विकली गेली.

प्रश्न : एका इन्युट कुटुंबाला युरोपात प्राण्यांसारखं दाखवलं होतं, ते याच किनाऱ्यावरचं का? (छत्रपती संभाजीनगर)

हो. 1880 मध्ये हॅम्बुर्गचा प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक याच्यासाठी यान आद्रियान याकोबसेन माणसं गोळा करत हेब्रॉनला आला. मिशनऱ्यांनी विरोध केला. तरीही अब्राहाम, त्याची बायको उल्रिके, दोन लहान मुली आणि तोबियास हा तरुण निघाले. आणखी उत्तरेकडच्या, ख्रिस्ती न झालेल्या तेरियानियाकचं तीन जणांचं कुटुंबही होतं. एकूण आठ. अब्राहाम व्हायोलिन वाजवायचा, लिहायचा. तो निघाला त्यामागे दुकानाची उधारी होती, वडिलांची धरून. वर सांगितलेली वही इथे पुन्हा भेटते.

हॅम्बुर्ग, बर्लिन, प्राग असे खेळ झाले. युरोपात पाऊल ठेवताच त्यांना देवीची लस टोचायला हवी होती, ती टोचली गेली नाही. डिसेंबरात डार्मस्टाटला पहिला मृत्यू झाला, तेव्हा आजार ओळखला गेला नाही. उरलेल्यांना लस मिळाली ती 1 जानेवारी 1881 ला, पॅरिसमध्ये. तोवर तिघं गेली होती आणि बाकीच्यांच्या अंगात आजार शिरलेला होता. 16 जानेवारीपर्यंत आठही जण संपले. अब्राहामने आपल्या भाषेत लिहिलेली रोजनिशी हेब्रॉनला परत आली आणि तिथल्या मिशनऱ्याने तिचं जर्मन भाषांतर केलं, म्हणून ती आज वाचता येते.

प्रश्न : ओकाक हे ठाणं आताच्या नकाशात का नाही? हेब्रॉनही ओसाड दिसतं. (ठाणे)

दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी उठली.

1918 च्या शरदात ‘हार्मनी’तून इन्फ्लुएन्झाची साथ आली. ऑक्टोबरच्या अखेरीस हेब्रॉन, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओकाक. जहाज आलं की सगळं गाव माल उतरवायला धक्क्यावर जमतं. उतरवून झालं की कुटुंबं सीलच्या शिकारीसाठी दूरदूरच्या खाड्यांत पांगतात. अंगात आजार घेऊनच ती पांगली. एकेका घरात सगळे एकदम आडवे झाले, मग शेगडी पेटवायला आणि पाणी आणायला कोणी नाही. किती तरी जण तापाने नाही, थंडीने आणि तहानेने गेले. उपाशी कुत्री घरांत शिरली. ओकाकला 263 पैकी 204 माणसं मेली, कर्ते पुरुष जवळजवळ सगळे. जमीन गोठलेली, खड्डे खणायला हात नाहीत. हेब्रॉनला 100 पैकी 86. पुढच्या वर्षी ओकाक सोडून दिलं गेलं.

हेब्रॉन आजाराने नाही, निर्णयाने उठलं. 1959 मध्ये ईस्टरच्या सुमारास गावकऱ्यांना चर्चमध्ये जमवून सांगण्यात आलं की ठाणं बंद होणार. कारणं सरपणाची टंचाई, क्षयरोग, एवढ्या दूर सेवा पुरवण्याचा खर्च. ठरवणारे तिघे : न्यूफाउंडलंडचं सरकार, ग्रेनफेल वैद्यकीय मिशन आणि मोरेव्हियन चर्च. जागा चर्च होती हे महत्त्वाचं. तिथे उठून वाद घालायचा नाही ही पिढ्यानपिढ्या मुरलेली रीत, आणि लोकांनी ती पाळली. नाइन, होपडेल, माकोव्हिक इथे पोचल्यावर कळलं की सगळ्यांना पुरतील इतकी घरं तयार नाहीत. शिकारीच्या जवळच्या, चांगल्या जागा आधीच्या कुटुंबांच्या, आणि नवख्याला बर्फ कुठे पातळ असतो ते ठाऊक नाही. 2005 मध्ये प्रांतिक सरकारने माफी मागितली. त्याच वर्षी लॅब्राडोर इन्युटांचा जमीनहक्काचा करार होऊन ‘नुनात्सियावुत’ हे स्वशासन उभं राहिलं. प्रशासनाचं मुख्य ठिकाण नाइन, विधिमंडळ होपडेलला.

प्रश्न : लेहमध्ये ‘मोरेव्हियन मिशन स्कूल’ पाहिलं. त्याचा यांच्याशी काही संबंध? (डोंबिवली)

तेच चर्च. पागेल आणि हायडे हे दोघे मिशनरी मंगोलियाला निघाले होते, पुढे जाऊ दिलं नाही म्हणून 1856 मध्ये हिमाचलातल्या लाहौलच्या केलाँगला थांबले. लेहचं ठाणं 1885 चं, शाळा 1889 ची. लाहौलमध्ये बटाटा नेण्याचं श्रेय या मिशनऱ्यांनाच देतात आणि केलाँगच्या बाजारात मिळणाऱ्या रंगीत नक्षीच्या लोकरी मोज्यांचं विणकाम हायडेच्या बायकोने शिकवलेलं. तिथला बटाटा नाइनसारखा रोज रात्री झाकावा लागला नाही. लाहौलचा उन्हाळा कोरडा आणि उन्हाचा, त्यामुळे तो चांगलाच रुजला. आज लाहौलचा बियाण्याचा बटाटा दूरदूर जातो.